खूण जुळतेय, मग दोरी हात का ओढते?

पोळा होऊन चार दिवस झाले असतील. अंबड तालुक्यातून दाजींचा फोन आला. मोसंबीवर आंबे बहाराची फळगळ सुरू, फवारणी अंगावर आलेली आणि नेमका पाठीवरचा, पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप रुसलेला. "अरे, दोरी वढली की हातच माघारी घिऊन चाललीय. अंगठा सुजून वांग्यावाणी झालाय. तू वाळूजला इतकी वर्षं मशिनीच केल्या ना, मग बघ की येऊन."

मी वाळूजच्या एमआयडीसीत टूलरूमला २२ वर्षं काढली. तिथं मोजमापाला लागेल ते सगळं हाताशी असायचं. दाजींच्या गोठ्यात काय होतं? एक कानस, एक जुना बेंच व्हाइस, पान्यांचा अर्धा सेट आणि माझ्या पिशवीतला व्हर्निअर. या सामानावर जे झालं ते इथं क्रमानं लिहितोय, कारण ही तक्रार दर हंगामात दहा गावांतून ऐकू येते. बहुतेक ठिकाणी प्लग बदलून, कार्बोरेटर धुऊन माणूस गप्प बसतो.

पंप जुना, नव्वदच्या दशकातला. इंजिन टू स्ट्रोक, ३५ सीसीच्या आसपास. हल्लीच्या पंपांना बाहेर बसवलेली इलेक्ट्रॉनिक कॉइल असते. याला मात्र मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकवर (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्यावर) बसवलेल्या चुंबकाच्या चाकाच्या आत सीबी पॉइंट आणि कंडेन्सर. पॉइंट उघडले की ठिणगी पडते. माहितीपुस्तक कधीच उंदरांनी खाल्लेलं.

तक्रारी तीन होत्या. दोरी ओढली की चार वेळांतून दोनदा इंजिन उलटा झटका मारायचं. चालू झालंच तर रेस दिल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. आणि पंधरावीस मिनिटांत सिलिंडर इतकं तापायचं की पाठीला झळ लागून गडी पंप खाली ठेवायचा.

बाजारातल्या मिस्त्रीनं त्याच्यापरीनं सगळं करून झालं होतं. नवा प्लग, कार्बोरेटर साफ, मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट घासून गॅप ०.४ मिमी. टायमिंगही, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते तेही, त्यानं बघितलं होतं. मॅग्नेटच्या कडेला कोरलेली रेघ केसिंगवरच्या रेघेसमोर आली की पॉइंट उघडायला हवेत, आणि ते तसेच उघडत होते. मी गेलो तेव्हा तो मुद्दाम आला आणि मला दाखवून म्हणाला, "भाऊ, खूण बघा. केसाचा फरक नाही." खरंच नव्हता. ठिणगीही पाहिली. निळी, जाड, चांगली तडतडणारी.

अशा वेळी माणूस खूण आणि ठिणगी दोन्ही पाहून टायमिंग बाजूला ठेवतो आणि दुसरीकडं शोधत बसतो. मीही तासभर तेच केलं. कार्बन साचून आत काही लालबुंद होतंय का म्हणून एक्झॉस्ट काढला, पोर्टमधून (धूर जायच्या भोकातून) पिस्टनच्या माथ्यावर बॅटरी मारली. माथा स्वच्छ होता. जरा जास्तच स्वच्छ, नवा वाटावा इतका.

"पिस्टन कधी बदललं?" मी विचारलं.

दाजी मिस्त्रीकडं बघायला लागले, मिस्त्री पंपाकडं. चहा घेऊन आलेल्या ताईनं सांगितलं. आषाढात इंजिन चालता चालता जाम झालं होतं. गोठ्यात दोन सारखेच पांढरे कॅन, एकात मोटारसायकलचं निव्वळ पेट्रोल आणि दुसऱ्यात टूटी ऑइल (टू स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी घालायचं तेल) मिसळलेलं. गड्यानं घाईत पहिला कॅन उचलला. पाडव्याला नवा लागलेला सालगडी, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लिटरला ४० मिली ऑइलवर चालणारं इंजिन कोरड्या पेट्रोलवर किती टिकणार? फुल रेसवर पिस्टन पकडलं आणि इंजिन एका क्षणात थांबलं. मिस्त्रीनं सिलिंडर उघडलं, ओरखडे घासले, पिस्टन आणि रिंगा नव्या टाकल्या. मॅग्नेटला हात लावायचं कारणच नव्हतं. उलटा झटका त्यानंतरचा.

ही माहिती मला फोनवरच मिळायला हवी होती. पण पंप दुरुस्तीला आणताना "आमच्याकडून कोरडं पेट्रोल गेलं" असं कोण सांगतो?

आता थोडं टायमिंगचं. ज्याला ठाऊक आहे त्यानं हा परिच्छेद सोडून द्यावा. पेट्रोलची वाफ एकदम फुटत नाही, ती पेटत पेटत पसरते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. असल्या एकाच ठरावीक टायमिंगच्या लहान इंजिनांना ती साधारण २५ ते ३० अंश आधी असते. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर एक फेरी एका सेकंदाच्या शंभराव्या भागात होते, म्हणजे एक अंश सेकंदाच्या छत्तीस हजाराव्या भागात. ठिणगी फारच आधी पडली तर पिस्टन अजून वर चढत असताना वरून दाब येतो. वेगात असताना इंजिन तो दाब रेटून नेतं, पण तापतं आणि खडखडतं. दोरी ओढताना वेग नसतो, त्यामुळं दाब पिस्टनला माघारी ढकलतो आणि दोरी हातासकट मागे जाते. असं बरेच दिवस चालू दिलं तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. उशिरा पडलेल्या ठिणगीचं लक्षण वेगळं. इंजिन मरगळतं, एक्झॉस्ट लाल होतो, पण झटका मारत नाही.

म्हणजे दाजींच्या पंपाचं दुखणं 'ठिणगी लवकर' हेच सांगत होतं. पॉइंटची टाच, म्हणजे त्यांना उघडणाऱ्या उंचवट्यावर (कॅमवर) घासणारा भाग, झिजली तर गॅप कमी होऊन टायमिंग उलट मागे जातं, तेव्हा ती शंका बाद. गॅप वाढली तर पॉइंट लवकर उघडतात हे खरं, पण गॅप ०.४ होती. मिस्त्रीनं ती फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावली होती आणि मी दाढीच्या चार ब्लेडांची चळत सरकवून पडताळली. दाढीचं साधं दुधारी ब्लेड ०.१ मिमी जाड असतं, त्यामुळं चार ब्लेडं म्हणजे ०.४. फिलर गेज नसलेल्यांनी हे लक्षात ठेवावं, फक्त बोटं सांभाळून.

दुखणं एक सांगतंय आणि खूण दुसरंच. मग खुणेला बाजूला ठेवून थेट पिस्टनलाच विचारायचं ठरवलं: पॉइंट उघडतात तेव्हा तू कुठं असतोस?

त्यासाठी पहिल्यांदा पिस्टनचं वरचं टोक नेमकं सापडायला हवं, आणि बहुतेकांची चूक इथंच होते. प्लगच्या भोकात सायकलची स्पोक घालायची, मॅग्नेट फिरवायचं, स्पोक वर यायची थांबली की झालं टीडीसी. पण टोकाजवळ पिस्टन जवळजवळ हलतच नाही. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जातो ते अंतर, व्हर्निअरनं मोजला तर ३४ मिमी भरला. त्यावरून हिशेब केला तर टीडीसीच्या आधी पाच अंशांवर पिस्टन टोकापासून फक्त ०.०८ मिमी खाली असतो. ब्लेडच्या जाडीपेक्षाही कमी. म्हणजे पाच अंश इकडं आणि पाच अंश तिकडं, दहा अंशांच्या पट्ट्यात स्पोक तुम्हाला काहीच सांगत नाही. आणि आपला सगळा शोध तर दहाबारा अंशांचाच.

उपाय जुना आहे. पिस्टनला टोकापर्यंत जाऊच द्यायचं नाही. टोकाच्या अलीकडं त्याला एका दिशेनं अडवायचं आणि खूण करायची, मग उलट दिशेनं फिरवून तिथंच अडवायचं आणि दुसरी खूण करायची. दोन्ही ठिकाणी पिस्टन वेगानं सरकत असतो, त्यामुळं अडल्याची जागा स्वच्छ मिळते. त्या दोन खुणांच्या बरोबर मध्यावर टीडीसी.

अडवायला लागतो स्टॉपर. मिस्त्रीच्या डब्यातून याच मापाचा एक मेलेला प्लग घेतला. आटे १४ मिमीचे, तेच चालतात. प्लगची चिनी माती ज्या ओठानं धरलेली असते तो ओठ ग्राइंडरवर घासून काढला. व्हाइसमध्ये धरून वरून ठोकलं तशी चिनी माती आख्खी बाहेर आली. खालची वाकडी पट्टी कापली. उरलेल्या नळीत १० मिमीचा टॅप फिरवून बोल्ट बसवला आणि वरून एका नटानं कसला. बोल्टचं टोक कानशीनं गोल करून पॉलिश पेपर मारला, कारण पिस्टन ॲल्युमिनियमचं असतं आणि धारदार टोक त्यावर खड्डा पाडतं. पितळी बोल्ट मिळाला असता तर अजून बरं. बोल्टच्या आट्यांवरून कानशीनं उभी चरही मारली. ती नसेल तर आत हवा कोंडते आणि पिस्टन बोल्टावर अडला की हवेवर, हे हाताला कळत नाही.

हा स्टॉपर बसवून मॅग्नेट फक्त हातानं, हळू फिरवायचं. दोरी लावलीत की पिस्टनला भोक पडलंच समजा. काही जण बोल्टाऐवजी प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी कोंबतात. चार स्ट्रोकला ते ठीक, पण टू स्ट्रोकमध्ये दोरीचं टोक पोर्टमध्ये शिरून चिमटतं, म्हणून मी ती भानगड टाळतो.

अंश मोजायला चकती हवी. दाजींच्या ज्वारीच्या तुकड्यात पाखरांसाठी जुन्या सीड्या टांगलेल्या होत्या, त्यातली एक तोडून आणली. सीडीचा व्यास १२० मिमी, म्हणजे घेर ३७७ मिमी, आणि काठावर एक अंश म्हणजे एक मिलिमीटरला थोडा जास्त. याहून सोयीचं माप मागूनही मिळणार नाही. भाच्याच्या वहीचा कागद जोडून ३७७ मिमीची पट्टी केली. दर १०.५ मिमीला दहा अंश धरून आखत गेलो आणि शेवटी उरलेला मिलिमीटरभर फरक सगळीकडं वाटून टाकला. शून्यापासून दोन्ही बाजूंना आकडे टाकून पट्टी काठाला डकवली. मधलं १५ मिमीचं भोक मॅग्नेटच्या नटाला मोठं पडत होतं, म्हणून खाली ट्यूबच्या रबराचा वायसर घातला. केसिंगच्या स्क्रूला तांब्याची तार बांधून तिचं टोक काठावर काट्यासारखं आणलं.

आणि मग लक्षात आलं, की सीडीनं मॅग्नेटची खिडकीच झाकली. पॉइंट दिसेनात. मिस्त्री हसला, मीही हसलो. हॅक्सॉचं ब्लेड चुलीत तापवून सीडीत खिडकीएवढी फट पाडली. थंड ब्लेडनं कापायला गेलात तर सीडी तडकते. पहिली तशीच गेली, दुसरी ज्वारीतून आणावी लागली.

शून्यावर डोळ्यांनी, स्पोकच्या अंदाजानं टीडीसी धरून काटा लावला आणि स्टॉपर बसवला. एका बाजूनं फिरवलं, ३८ अंशांवर अडलं. उलट फिरवलं, ४६ वर अडलं. दोन्हींत ८ अंशांचा फरक, म्हणजे डोळ्यांनी धरलेलं टोक ४ अंश चुकलेलं. काटा चार अंश सरकवला, पुन्हा दोन्हीकडून पाहिलं. ४२ आणि ४२. स्टॉपर काढून ठेवला.

राहिलं पॉइंट उघडण्याचा क्षण पकडणं. मल्टिमीटरचा बझर लावला तर तो अखंड वाजतच राहिला, पॉइंट उघडे असले तरी. कारण पॉइंटच्या समांतर कॉइलची प्रायमरी गुंडाळी असते, तिचा रोध एखाद्या ओहमच्या आसपास, आणि बझरला ती जोडलेली तारच वाटते. प्रायमरीची तार सोडवली असती तर बझर चालला असता, पण त्यासाठी मॅग्नेट काढावं लागतं. टॉर्चचा बल्ब आणि सेल लावूनही बघितलं. उजेडातला फरक जाणवेल न जाणवेल असा, दुपारच्या उन्हात तर नाहीच.

शेवटी कागद. भाच्याच्या पतंगाचा कागद बोटभर रुंद कापून चिमट्यानं पॉइंटमध्ये धरला. एका हातानं कागद अगदी हलका ओढत ठेवायचा, दुसऱ्या हातानं मॅग्नेट इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनंच हळूहळू पुढं न्यायचं. पॉइंट सुटले की कागद सुळकन हातात येतो. मागे फिरवून जागा शोधायची नाही, ढिलाईचा फरक मध्ये येतो. तीनदा केलं. ३९, ४१, ४०.

चाळीस अंश. असायला हवं तीसच्या आत.

तिघंही थोडा वेळ गप्प. मिस्त्रीनं पुन्हा खूण बघितली. चाळीस अंशांवर, कागद सुटतो त्याच क्षणी, मॅग्नेटवरची रेघ केसिंगच्या रेघेसमोर बरोबर उभी. खूण 'बरोबर' म्हणते आणि पिस्टन 'चूक' म्हणतं. म्हणजे दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर मॅग्नेट दुसऱ्याच इंजिनाचं होतं, किंवा ते क्रँकवर आपल्या जागेवरून हललं होतं. पहिल्या शंकेवर दाजी ठाम: "बाबांनी घेतल्यापासून मपल्याच घरात हाय."

दाजींना घाई होती, ढग भरून येत होते. पॉइंटची प्लेट खाचांमध्ये फिरते आणि तिचे स्क्रू खिडकीतून सुटतात. तेव्हा ते म्हणाले, "बारा आंश माघारी फिरव अन् दे सोडून. आज फवारा मारून घिऊ." मिस्त्रीचंही तेच मत. झालंही असतं, त्या संध्याकाळपुरतं. पण मॅग्नेट हललं असेल तर ते परत हलणार, आणि पुढच्या वेळी किती, ते कुणी सांगावं? मी नाही म्हणालो. ताईनं दाजींना आत बोलावलं आणि काय सांगितलं माहीत नाही, बाहेर आले ते शांत होऊन.

मॅग्नेट काढायला पुलर नव्हता. मॅग्नेटच्या तोंडावर ६ मिमीच्या आट्यांची दोन भोकं होती, ती त्यासाठीच असतात. नांगराच्या मोडक्या भागातून १० मिमी जाडीची पट्टी निघाली. तिला त्या दोन भोकांच्या अंतरावर दोन भोकं पाडली आणि मधोमध आटे पाडून मोठा बोल्ट घेतला. नट पूर्ण न काढता क्रँकच्या टोकाबरोबर आणून ठेवला, म्हणजे आट्यांचं टोक चेपत नाही. दोन बोल्ट बसवले, मधला कसत नेला, ताण आला की मधल्या बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका. मॅग्नेट 'टक' करून सुटलं. बाजूनं टॉमी घालून मॅग्नेट उचकटणारे मी पाहिलेत. त्यानं मॅग्नेटही तडकतं आणि क्रँकही वाकतो.

आत अर्धचंद्राची चावी होती. ती मी तळहातावर घेऊन दाजींना दाखवली. नखाएवढा लोखंडाचा अर्धा चंद्र, पण मधून पायरी पडलेला. क्रँकच्या खाचेतला खालचा भाग जागेवर आणि मॅग्नेटच्या खाचेतला वरचा भाग दीड मिलिमीटर पुढं सरकलेला. पूर्ण तुटली नव्हती. चुरगळून दोन तुकडे चिकटल्यासारखी झाली होती.

तिथं शाफ्ट १४ मिमीचा, घेर ४४ मिमी. दीड मिलिमीटर म्हणजे बारा अंश. २८ आणि १२ मिळून ४०. हिशेब इतका चपखल बसला की मला आधी शंकाच आली, म्हणून चावी पुन्हा मोजली.

आता खुणेचं कोडं. या इंजिनात पॉइंट उघडणारा कॅम क्रँकवर नाही, तो मॅग्नेटच्याच बुंध्यावर आहे. चावी सरकली तेव्हा मॅग्नेट पुढं गेलं, आणि त्याच्यासोबत कॅमही गेला, कडेची कोरलेली रेघही गेली आणि चुंबकही गेलं. ही सगळी मंडळी एकमेकांना धरून सरकली. त्यामुळं रेघ केसिंगसमोर आली की पॉइंट उघडणारच, आणि चुंबक-कॉइलचा मेळ शाबूत म्हणून ठिणगीही निळीच राहणार. मागे राहिलं फक्त पिस्टन, आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. इथं दुकानातली महागडी टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून खूण दाखवणारा दिवा) लावली असती तरी तिनं हेच सांगितलं असतं, कारण तीही मॅग्नेटवरची रेघच बघते. मिस्त्रीचं काम चुकलं नव्हतं. त्यानं ज्या खुणेवर विश्वास ठेवला तीच जागेवरून उठून गेली होती. हे मी त्याला तिथंच सांगितलं, कारण दाजी त्याच्याकडं जरा वाकड्या नजरेनं बघायला लागले होते.

आणि मॅग्नेट पुढंच का गेलं, मागे का नाही? आषाढात पिस्टन पकडलं तेव्हा क्रँक जागच्या जागी थांबला. पण मॅग्नेट जड, वेगात होतं, ते पुढं जायला बघत होतं. मधे फक्त चावी आणि टेपरची, म्हणजे क्रँकच्या निमुळत्या टोकाची, पकड. टेपर थोडा सुटला, चावीनं मार खाल्ला, मॅग्नेट फिरण्याच्या दिशेनं पुढं सरकलं. पुढं सरकलं म्हणजे ठिणगी आधी. त्यानंतर प्रत्येक उलट्या झटक्यात क्रँक अचानक माघारी वळायचा आणि मॅग्नेट पुढं जायला बघायचं. म्हणजे चावी दर झटक्याला आणखी मार खात होती. प्लेट फिरवून दिली असती तर दिवाळीपर्यंत पंप पुन्हा इथंच आला असता.

एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. मॅग्नेटला क्रँकवर धरून ठेवणं हे चावीचं काम नाही. धरतो तो टेपर. चावी फक्त मॅग्नेट योग्य कोनात बसवण्यापुरती. ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते, म्हणजे अपघातात चावी जावी, क्रँकची खाच वाचावी. म्हणून "मजबूत करू" म्हणून ड्रिलच्या बिटातून कडक चावी घासून बसवू नये. आम्ही अंबडला जाऊन साधी चावी आणली. चार कप चहाच्या पैशांत काम झालं.

टेपर बघितला तर त्यावर तेलाचा ओशटपणा आणि सरकल्याचे चट्टे. चावी न घालता, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून मॅग्नेट हातानं अर्धं इकडं अर्धं तिकडं फिरवत घासलं. पेस्टचा राखाडी पट्टा सगळीकडं सारखा उमटला तेव्हा थांबलो. मग पेट्रोलनं दोन्ही बाजू धुतल्या आणि कोरड्या फडक्यानं पुसल्या. तेलाचं बोटही लागू दिलं नाही. चावी, मॅग्नेट, स्प्रिंग वायसर, नट. नट कसताना मॅग्नेट धरायला पट्ट्याचा पाना नव्हता, म्हणून दाजींच्या मोटेच्या जुन्या चामडी पट्ट्याचा फास मॅग्नेटच्या घेरावर टाकून ओढला. पिस्टनवर स्टॉपर लावून कसायचा मोह होतो. तसं करू नये, सगळा जोर पिस्टनच्या माथ्यावर येतो.

सीडी परत बसवली, स्टॉपरनं टीडीसी पुन्हा काढला, कागद पुन्हा धरला. २८, २८, २७. रेघ केसिंगसमोर.

पण एकाच मापावर भागवायचं नाही, ही टूलरूमची खोड. या इंजिनाचा प्लग डोक्याच्या मधोमध आणि सरळ उभा आहे, त्यामुळं व्हर्निअरची खोली मोजायची पट्टी पिस्टनच्या माथ्यावर सरळ टेकते. तिरप्या प्लगच्या इंजिनात हे मिलिमीटर खोटं बोलतात, तिथं अंशच बरे. कागद सुटताना पिस्टन टोकापासून २.५ मिमी खाली होतं. स्ट्रोक ३४, म्हणजे क्रँकची त्रिज्या १७. कनेक्टिंग रॉड मोजता आला नव्हता, ६० मिमी धरला तर २८ अंशांना २.५२ येतात, ६८ धरला तर २.४६. रॉडचा अंदाज चुकला तरी उत्तर फारसं हलत नाही. ४० अंशांना हेच माप पाच मिमीच्या घरात गेलं असतं. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, तेव्हा कुठं मी हात धुतले.

दोरी पहिल्यांदा मीच ओढली, दाजींचा अंगठा बघता त्यांना सांगणं बरं नव्हतं. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं आणि दोरी शहाण्यासारखी आपल्या डब्यात गेली. लिटरभर मिश्रण संपेपर्यंत बांधावर रेस कमी-जास्त करत ठेवलं. खडखड नाही. थांबवून प्लग काढला, टोकाचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. सिलिंडर गरम होतं, पण झळ मारत नव्हतं. एक उणीव राहिली: गरम असताना पुन्हा सुरू करायला तीनचार ओढी लागतात. आषाढातल्या ओरखड्यांनी दाब थोडा कमी झालाय, आणि त्याला टायमिंगनं काही होणार नाही. पुढच्या हंगामाआधी सिलिंडर बदलावं लागेल, असं दाजींना सांगितलंय. त्यांनी ऐकलंय असं वाटलं नाही.

आता ज्यांच्याकडं नवे, इलेक्ट्रॉनिक कॉइलचे पंप किंवा गवत कापायच्या मशिनी आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. त्यात पॉइंट नाहीत, टायमिंग फिरवायची सोयही सहसा नाही. पण मॅग्नेट तसंच टेपरवर, तशाच चावीवर बसतं. इंजिन जाम होऊन सुटल्यावर झटका मारायला लागलं तर कॉइल बदलायच्या आधी मॅग्नेट काढून चावी बघा. कॉइल महाग आणि बहुतेकदा निर्दोष असते.

दोन्ही कॅन आता वेगळे आहेत. मिश्रणाच्या कॅनला भाच्यानं लाल रंग दिला आणि त्यावर कुंचल्यानं लिहिलं, 'तेल घातलेलं'. सालगड्यानं तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मालक, हे आधी लिवलं आसतं तर माझ्या नावानं इतका शिमगा झाला नसता."

स्टॉपर मिस्त्री "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून घेऊन गेला. परवा दाजींचा फोन होता. स्टॉपर अजून आलेला नाही, पण शेजारच्या गावातला एक पंप तीच पायरी पडलेली चावी घेऊन मिस्त्रीकडं आला होता म्हणे.